जिनिंगच्या जुन्या शेडवरचे सिमेंट पत्रे: उतरवावेत की वरून नवं छत चढवावं?

बंद पडलेली जिनिंग (कापसातून सरकी काढायची गिरणी) गोदामासाठी घेतली, की भिंती आणि कैच्या (छत पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी) बहुधा कामाच्या निघतात. अडतं ते छतापाशी. त्यावरच्या जुन्या सिमेंट पत्र्यांत अ‍ॅसबेस्टॉस या खनिजाचे बारीक धागे असतात. असा धागा श्वासातून छातीत गेला तर घातक, ते इथे सविस्तर सांगत नाही. आपल्याकडे असे पत्रे विकायला आजही बंदी नाही आणि खासगी छतावरचे काढाच अशी सक्तीही नाही, त्यामुळे निर्णय मालकाच्याच गळ्यात पडतो.

‘रंग मारून भागवू’ हा तिसरा मार्ग वानरांची टोळी असलेल्या गावात बाद समजा. रंगाने पत्र्याला ताकद येत नाही, आणि वानर उडी मारताना रंग पाहत नाही.

वरून प्री-कोटेड (कारखान्यातच रंगवलेला पोलादी) पत्रा चढवण्याचे फायदे खरे आहेत. काम लवकर उरकतं, आतला माल हलवावा लागत नाही, कचरा जवळपास निघत नाही. दोन छतांमधल्या हवेमुळे मे महिन्यात आत थोडं सुसह्यही राहतं. नव्या पत्र्याचं आणि खालच्या सांगाड्याचं मिळून चौरस मीटरला ५ ते ८ किलो वजन वाढतं. ते कैच्यांना पेलेल का, हे आधी अभियंत्याकडून तपासून घ्या, विशेषतः भिंतीत रुतलेली टोकं गंजली आहेत का ते.

माझं मन मात्र या पर्यायावरून उडालं ते ग्राइंडरमुळे. नवा सांगाडा पर्लिनला (कैच्यांवरच्या आडव्या पट्ट्यांना) धरायचा तर जुन्या पत्र्याला ठिकठिकाणी भोक पाडावंच लागतं. तेवढं एकदा नीट करून घेता येतं: हाताचं ड्रिल, भोकाच्या जागी धूळ धरायला दाढीच्या फेसाचा गोळा, खाली ओलं फडकं. पण काम तिथे संपत नाही. पुढच्या वर्षी एक्झॉस्ट पंखा बसवायचा असतो, मग वायरिंग, मग सोलर. दर वेळी मिस्त्री नवा, आणि पिशवीतून पहिलं निघतं ते ग्राइंडर. पत्रा शाबूत असताना धागे सिमेंटमध्ये जखडलेले असतात. चकती फिरली की तेच बारीक धूळ होऊन हवेत तरंगतात. वरचं छत चकचकीत, त्यामुळे खाली काय आहे याचा कुणाला संशयही येत नाही. दर वेळी शेजारी उभं राहून कोण बघणार?

उतरवण्यात हा धोका एकदाच, तोही तुमच्या डोळ्यांदेखत. १० बाय २० मीटरच्या शेडवर ३ मीटर लांबीचे सुमारे ७५ पत्रे बसतात, वजन ३ टनांच्या आसपास. पत्र्यावर पाय द्यायचा नाही. जुना पत्रा माणसाचा भार घेत नाही आणि या कामातले जीवघेणे अपघात बहुधा पडून होतात. काम खालून, पालख (परांची) बांधून. फवारणीच्या पाठीवरच्या पंपात पाणी आणि थोडा भांडी धुण्याचा साबण घालून पत्रे भिजवा (पंप नवा घ्या, औषधाचा नको). आधी आढ्यावरचे, मग बसवले त्याच्या उलट क्रमाने खालचे. गंजलेले हुक बोल्ट-कटरने तोडा, पत्रा अख्खा दोराने उतरवा, फेकू नका. तोंडाला रुमाल चालत नाही, एन-९५ सुद्धा अपुरा. त्याहून बारीक धूळ अडवणारा पी-१०० फिल्टरचा मास्क लागतो. झाडू कोरडा मारायचा नाही.

खरी कटकट पुढे आहे. भंगारवाला हे घेत नाही, आणि गावात कुणीतरी गोठ्यासाठी मागतं किंवा पांदण रस्त्याच्या खड्ड्यात टाकायला सांगतं. दोन्हींना नाही म्हणा. खड्ड्यातले तुकडे बैलगाडी आणि ट्रॅक्टरखाली भरडले जातात. २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांच्या यादीत टाकाऊ अ‍ॅसबेस्टॉस आहे आणि असा कचरा साठवायची सर्वसाधारण मुदत ९० दिवसांची. नागपूरजवळच्या बुटीबोरीला अशा कचऱ्याचं सामायिक विल्हेवाट केंद्र आहे. पत्र्याला हात लावण्याआधी त्यांच्याशी लेखी बोलणी, प्रदूषण मंडळाकडे चौकशी आणि वाहतुकीच्या मॅनिफेस्टची (कचरा कुठून कुठे गेला याच्या नोंदपत्राची) सोय करून ठेवा. पत्रे जाड प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळूनच रवाना करा. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांसाठी वेगळे नियम केले, त्यात साफसफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्यावर आहे. एका शेडपायी कुणी दारात येईल असं नाही, पण जोत्याच्या भरावात तुकडे पुरणाऱ्याने तरी ते वाचावेत.

वळचणीखालची माती बहुतेक जण विसरतात. पत्रा झिजून सुटलेले धागे पावसाच्या पाण्यासोबत तिथेच साचतात. पागोळ्यांच्या रेषेतला वरचा थर ओला करून काढा आणि पत्र्यांबरोबरच पाठवा.

कापूस ठेवणार असाल तर पारडं उतरवण्याकडे आणखी झुकतं. आगीत सिमेंट पत्रा तडतडून फुटतो आणि तुकडे आवारभर उडतात. वरून दुसरं छत असलं तरी खालचा फुटतोच. नव्या छताखाली उष्णतारोधक घालायचं तर फोमऐवजी रॉकवूल (दगडाच्या तंतूंचं, न जळणारं) बघा.

शेड दोन-चार वर्षांच्या भाड्याचं असेल, पत्रे बिनतड्याचे असतील आणि आत यंत्रांचा हादरा नसेल, तर झाकणं वावगं नाही. तेव्हा खालच्या बाजूला ‘अ‍ॅसबेस्टॉस, भोक पाडू नये’ असं मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या. स्वतःच्या मालकीचं असेल तर उतरवलेलं बरं, आणि तेही दसरा-दिवाळीच्या दरम्यान: पत्रे ओलसर असतात, हंगाम जेमतेम सुरू होत असतो, आणि अंगभर सूट घालून माणूस सकाळचे चार तास काम करू शकतो. मे महिन्यात तो तासाभरात मास्क काढतो.