हिरवी, लाल की ओल्ड इंग्लिश व्हाइट? मुंबईत राहणाऱ्या जुन्या एमजीबीचा रंग ठरवताना

ज्यांची एमजीबी, म्हणजे साठच्या दशकातली ती उघडी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, सध्या प्रायमरमध्ये (रंगाखालच्या अस्तरात) उभी आहे, त्यांच्यापुढे शेवटी तीनच रंग उरतात: ब्रिटिश रेसिंग ग्रीन, टार्टन रेड आणि ओल्ड इंग्लिश व्हाइट. आयरिस ब्लू आणि चेल्सी ग्रे देखणे आहेत, तरी चर्चा फिरून फिरून या तिघांवरच येते. पेल प्रिमरोज हा फिका पिवळा मात्र मुंबईत नको असं मला वाटतं. काळं कापडी हूड लावलेली पिवळी गाडी इथे टॅक्सीच वाटते. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, पण डोळ्यांची सवय इतक्यात जायची नाही.

माझी एमजीबी १९६७ ची. तिला मी ओल्ड इंग्लिश व्हाइट दिला. हिरव्या रंगाचा अनुभव मित्राच्या ट्रायम्फ स्पिटफायरचा आहे. तो परदेशी होता तेव्हा ती गाडी दादरच्या हिंदू कॉलनीत, आमच्या आवारात उभी असायची आणि तिची सगळी देखभाल माझ्याकडे होती. लाल रंग पाहिला तो मामांच्या स्टँडर्ड हेराल्डवर. हेराल्ड ही काही स्पोर्ट्स कार नव्हे, पण स्पिटफायर तिचीच चॅसी आखूड करून घडवलेली आणि दोघींचं रूपही मिकेलोत्ती या इटालियन डिझायनरच्या हातचं. शिवाय त्या हेराल्डचं सगळं आयुष्य मुंबईच्या हवेत गेलं, आणि रंगाची परीक्षा तिथेच होते.

इतिहास हिरव्याच्या बाजूने आहे असं बहुतेकजण धरून चालतात. १९०३ ची गॉर्डन बेनेट शर्यत आयर्लंडमध्ये झाली, कारण इंग्लंडच्या रस्त्यांवर शर्यतीला कायद्याने वाव नव्हता. त्या शर्यतीला ब्रिटनच्या नेपियर कंपनीच्या गाड्या हिरव्या रंगात उतरल्या आणि पुढे हिरवा हा ब्रिटनचा शर्यतीचा रंग ठरला. हे खरंच आहे. पण एमजीबी बनवणारी एमजी ज्या बीएमसीची (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनची, आपल्या महापालिकेची नव्हे) होती, त्या बीएमसीच्या स्वतःच्या रॅलीच्या गाड्या आठवून बघा. १९६४ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेली मिनी कूपर लाल होती आणि तिचं छत पांढरं. त्यामुळे परंपरेचं कारण देऊन कुणी हिरव्याचा आग्रह धरला, तर दबून जायचं कारण नाही. तिन्ही रंग या घराण्यातलेच आहेत.

गाडी कारखान्यातून कोणत्या रंगात निघाली हे माहीत नसेल, तर इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवता येतं. चॅसी नंबरवरून मूळ रंग, उत्पादनाची तारीख अशी माहिती त्यात मिळते. मूळ रंगच ठेवायचा असं तुमच्या मनाने घेतलं असेल, तर प्रश्न तिथेच मिटतो. हे पुढचं सगळं ज्यांचं मन अजून मोकळं आहे त्यांच्यासाठी.

लालबद्दल आधी लिहितो, कारण त्यात घोळ कमी आहे. बेस्टच्या बसची सवय असलेल्या या शहरात लाल गाडी उपरी वाटत नाही. पावसाची सर येऊन गेली आणि ढगांतून ऊन पडलं की टार्टन रेड जसा खुलतो तसा दुसरा कुठलाच रंग खुलत नाही. आताचे टू-के रंग (हार्डनर मिसळून मारायचे) पूर्वीच्या ड्युकोपेक्षा, म्हणजे थिनरवर वाळणाऱ्या रंगापेक्षा, कितीतरी टिकाऊ आहेत, हेही मान्य. पण लाल रंग मुळात पातळ झाकतो. खालच्या थराचा रंग सगळीकडे एकसारखा नसेल तर तो वर डोकावतो, म्हणून जास्त हात मारावे लागतात आणि पेंटर धीराचा लागतो. दुसरी अडचण उन्हाची. मामांच्या हेराल्डचं बॉनेट आणि डिकीचं झाकण गुलाबीकडे झुकलं होतं, दरवाजे मात्र लालच राहिले. पॉलिश करताना फडक्यावर लाल उतरायचा. नंतर एक दरवाजा कुणीतरी घासला म्हणून पुन्हा रंगवला, तर तो शेजारच्या फेंडरशी कधी जुळलाच नाही. मुंबईतल्या पार्किंगमध्ये ओरखडा चुकत नाही, त्यामुळे लालाची निवड करताना हे पुढचं जुळवाजुळवीचं काम पत्करायची तयारी हवी.

आता हिरवा. तो मला आवडत नाही असं मुळीच नाही. रविवारी सकाळी हॉर्निमन सर्कलपाशी जुन्या गाड्या जमतात, तेव्हा झाडांच्या सावलीत तारेच्या चाकांची, आत टॅन सीट असलेली गडद हिरवी रोडस्टर सगळ्यांत भारदस्त दिसते. माझीही नजर आधी तिच्याकडेच जाते. मात्र ब्रिटिश रेसिंग ग्रीन ही एकच ठरलेली छटा नाही. प्रत्येक कंपनीची वेगळी होती, काही जवळजवळ काळ्या, काही पानासारख्या मोकळ्या. त्यामुळे पेंटरला नुसतं नाव सांगून भागत नाही.

गडद रंगाखाली पत्र्याचं काम उघडं पडतं, हे तुम्ही ऐकलं असेलच. आपल्याकडच्या बहुतेक एमजीबी निदान एकदा तरी ठोकून सरळ केलेल्या आहेत आणि कुठे ना कुठे लांबी (पुट्टी) भरलेली आहे. हिरव्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडलं की दरवाजाची प्रत्येक लाट दिसते. उन्हाचा त्रास वेगळा. एप्रिलमध्ये हूड काढून निघालं की दरवाजाच्या कडेवर कोपर टेकवता येत नाही. कावळ्याची शीटही तापलेल्या गडद पत्र्यावर लवकर खोल जाते. पण एवढ्यावर मी हिरवा सोडला नसता. निर्णय झाला तो पुसण्यावरून.

आमच्याकडे पहाटे गाड्या पुसायला येणारे काका अतिशय नेकीचे आहेत. कधी खाडा नाही, कधी कुरकुर नाही. त्यांच्याजवळ एक बादली, एक फडकं आणि लोक ऑफिसला निघायच्या आत पुऱ्या करायच्या गाड्यांची रांग. दादरमध्ये सध्या जिकडे बघावं तिकडे जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहताहेत, त्यामुळे रात्रीत गाडीवर बसणारी धूळ म्हणजे सिमेंट आणि बारीक वाळू. तीवरून फडकं फिरलं की ते वॉटर पेपरचंच, म्हणजे बारीक घासकागदाचंच, काम करतं. स्पिटफायरच्या हिरव्यावर महिन्याभरात केसासारख्या बारीक, गोल ओरखड्यांचं जाळं पसरलं. सावलीत ते दिसत नाही. मरीन ड्राइव्हवर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात गाडी उभी केली की सबंध बॉनेटवर दिसतं, आणि एकदा दिसलं की मग दुसरं काही दिसत नाही. त्यात बादलीतलं पाणी बोअरवेलचं. ते वाळलं की क्षारांचे पांढरे गोल ठिपके उरतात, तेही गडद रंगावर लख्ख.

यावर जे उपाय सांगतात ते सगळे मी केले. काकांना विनंती करून ती गाडी वगळायला सांगितली, स्वतः दोन बादल्या घेऊन धुतली, नळाचंच पाणी वापरलं, मायक्रोफायबरने टिपली. फरक पडतो, पण एक सकाळ चुकली आणि कुणीतरी प्रेमाने हात फिरवला की जाळं परत येतं. कव्हर घातलं तर धुळीवरच कव्हर वाऱ्याने घासत राहतं, आणि पावसाळ्यात त्याखाली ओल कोंडते, जी या गाड्यांच्या पत्र्याला सगळ्यांत वाईट. कंपाउंड (घासून चकाकी आणणारी पेस्ट) मारून ओरखडे काढता येतात, पण दरवेळी रंगाचा थोडा थर जातो. फेंडरच्या वरच्या उभार कडेवर थर मुळातच पातळ असतो, तिथे आधी प्रायमर दिसायला लागतो. गाडी रॅलीत वर्षातून मोजक्या वेळा जाते. आवारात मात्र ती रोज समोर असते, आणि रोज तिच्याकडे बघून मन खट्टू होणं मला नको होतं.

माझ्या एमजीबीवर काका तेच, बादली तीच, धूळही तीच. ओरखडे पडत असतीलच, पण ते दिसत नाहीत. गडद रंगावर आपल्याला मुख्यतः वरची चकाकी दिसते. ओरखड्यातून विखुरलेला प्रकाश त्या काळोख्या पार्श्वभूमीवर पांढरा उमटतो. फिक्या रंगातून मुळातच इतका प्रकाश परत येतो की ओरखड्याचा तेवढासा उजेड त्यात हरवून जातो. ओल्ड इंग्लिश व्हाइट हा नावाला पांढरा. खरं तर तो सायीसारखा आहे, किंचित पिवळसर, मऊ. शुद्ध पांढऱ्या टुरिस्ट गाड्यांच्या गर्दीत तो वेगळा उठून दिसतो, आणि क्रोमचे बंपर त्यावर ओरडत नाहीत.

आणखी एक गोष्ट रंग दिल्यावर लक्षात आली आणि आता मी तिला फार महत्त्व देतो. एमजीबीला वेगळी चॅसी नाही. दोन्ही बाजूंचे सिल, म्हणजे दरवाजांखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्या, गाडीचा भार पेलतात, आणि खारी हवा आधी त्यांनाच खाते. फिक्या रंगावर सिलच्या जोडातून गंजाची तांबूस रेघ उतरायला लागली की पहिल्याच आठवड्यात दिसते. गडद हिरव्यावर ती चिखलात खपून जाते, आणि कळतं तेव्हा पत्रा कापायची वेळ आलेली असते. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गाडी ठेवणाऱ्याला हा इशारा वेळेत मिळणं मोलाचं आहे.

या रंगाचा जाच नाही असं नव्हे. पहिल्या पावसानंतर दरवाजाच्या रबरांखालून काळे ओघळ येतात. उन्हाळ्यात सोनमोहराची फुलं वायपरपाशी ओली राहिली तर पिवळट छटा सोडतात. छटा जुळवतानाही जपावं लागतं, पेंटरचा हात एक तर शुद्ध पांढऱ्याकडे जातो नाही तर पिवळ्याकडे. बीएमसीचा कोड डब्ल्यूटी३ आहे, तोच देऊन मशीनवर मिसळून घ्यावा. हे सगळं ओल्या फडक्याने किंवा थोड्या काळजीने निभावतं, म्हणून मला ते जड वाटलं नाही.

तुमच्याकडे बंद गॅरेज असेल, गाडी तुम्हीच धूत असाल आणि पत्रा खरोखर सरळ असेल, तर हिरवा घ्या. माझ्याकडे तशी सोय असती तर कदाचित मीही घेतला असता. ज्यांची गाडी आवारात, झाडाखाली, चार लोकांच्या हाताखाली उभी राहणार आहे, त्यांनी निदान एकदा या क्रीमचा, ओल्ड इंग्लिश व्हाइटचा, विचार करावा असं मला मनापासून वाटतं.

ठरवण्याआधी कुर्ल्याच्या भंगारातून एखादं जुनं बॉनेट आणून त्यावर हिरवा आणि क्रीम असे दोन्ही रंग मारून घ्या. सपाट पुठ्ठ्यावर रंग कळत नाही, वळणावर कळतो. ते बॉनेट दुपारी बारा वाजता उन्हात, संध्याकाळी आणि रात्री पार्किंगच्या दिव्याखाली बघा, आणि आठवडाभर आवारात ठेवून रोजच्यासारखं पुसू द्या. रंगकाम दिवाळीनंतर काढा. दमट हवेत थिनर उडताना पत्रा गार पडतो, त्यावर बाष्प धरतं आणि रंग धुरकट होतो. क्लिअर कोटशिवायचा (वरून पारदर्शक थर नसलेला) सिंगल-स्टेज टू-के सांगा, या गाडीला तीच चकाकी शोभते. आरसीवर वेगळा रंग लिहिलेला असेल तर आरटीओत नोंद बदलून घ्या. ५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या व्हिंटेज नियमांखाली व्हीए मालिकेचा नंबर घ्यायचा असेल, तर कागद आणि गाडी जुळलेले असणं सोयीचं. आणि उरलेला रंग हार्डनर न घालता घट्ट झाकणाच्या डब्यात भरून मागून घ्या. पहिल्या ओरखड्याला तोच लागतो.