कोकणातल्या फौजी पूर्वजाचा शोध: आधी कुठलं दप्तर उघडावं?

"पणजो बगदादाक गेल्लो, परत इलोच नाय." मालवण-कुडाळकडच्या कितीतरी घरांत पूर्वजाच्या फौजी नोकरीची एवढीच ओळ उरलेली असते. मग एखादी पणती मनावर घेते आणि विचारायला लागते, की नक्की शोधायचं कुठे? एकजण बेळगावला मराठा लाईट इन्फंट्रीच्या सेंटरला जायला सांगतो. दुसरा म्हणतो, मुंबईच्या पुराभिलेखागारात सगळं मिळेल. तिसरा लंडनचं नाव घेतो, चौथा मोबाईलवर वॉर ग्रेव्हज कमिशनची, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या संस्थेची वेबसाईट उघडून दाखवतो. चारही सल्ल्यांत थोडंफार तथ्य आहे. पण तुमच्या माणसाला त्यातला बहुधा एकच लागू पडतो आणि तो आधी ओळखला नाही, तर रजा, प्रवास आणि उमेद तिन्ही वाया जातात.

ओळखायचा कसा? साध्या शिपायाचं नाव सरकारनं जपून लिहिलं ते पैसे द्यायचे होते म्हणून, पदक द्यायचं होतं म्हणून किंवा तो मेला म्हणून. एरवी तो पलटणीच्या आकड्यात जमा. त्यामुळे तो कुठे लढला याच्याआधी त्याची नोकरी कोणत्या सालाच्या आसपास आणि कशी संपली, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. मनीऑर्डर यायची का? आजी पेन्शन आणायला तालुक्याला जायची का? दप्तराची निवड या उत्तरांवर ठरते.

आधी घर, मग गाव

पहिल्या महायुद्धात लढायला गेलेल्या शिपायाला साधारणपणे दोन पदकं मिळत, ब्रिटिश वॉर मेडल आणि व्हिक्टरी मेडल. पहिलं चांदीचं, दुसरं काशाचं. चांदीचं पदक अडचणीच्या वेळी सोनाराकडे जाणं अगदी साहजिक होतं. काशाच्याला कोणी किंमत देत नव्हतं, म्हणून ते देव्हाऱ्यात किंवा पत्र्याच्या पेटीत राहून गेलं. ते सापडलं तर चिंच-रांगोळी लावून घासू नका. पदक आडवं धरून नुसती कड उजेडात फिरवा. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण असं ओळीनं कोरलेलं असतं. त्यातला क्रमांक सगळ्यात मोलाचा, कारण पुढच्या प्रत्येक कार्यालयात पहिल्यांदा तोच विचारतात. नुसतं "गणपत सावंत" म्हणून गेलात तर एकाच पलटणीत अनेक गणपत सावंत निघतील.

पेन्शनरांच्या घरी डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून सुटल्याचा दाखला, किंवा पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, जमिनीच्या कागदांत मिसळलेला असतो. सातबाऱ्याच्या गठ्ठ्यात जरूर बघा.

गावच्या चावडीवर किंवा शाळेच्या भिंतीत एखादी संगमरवरी पाटी असेल, तर तीही वाचा. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके पुरुष गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, असा मजकूर ब्रिटिश सरकारनं गावोगाव लावला होता. त्यावर नावं नसतात, फक्त आकडे. पाटीनं माणूस सापडत नाही, पण घरातली आठवण खरी असल्याला दुजोरा मिळतो. पाटीवरचा मेलेल्यांचा आकडा लहान असेल, तर पुढे नावं जुळवताना त्याचा मोठा आधार होतो.

परत आला नसेल तर: वॉर ग्रेव्हज कमिशन

लढाईत, कैदेत किंवा आजारानं तो नोकरीवर असताना गेला असेल, तर इतर सगळं बाजूला ठेवा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची ऑनलाईन यादी फुकट आहे आणि घरबसल्या बघता येते. त्यात ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या दोन काळांतले मृत्यू आहेत. त्याच्या अलीकडचा-पलीकडचा मृत्यू तिथे मिळणार नाही. युद्धावरून धडधाकट परतलेला माणूसही मिळणार नाही. काहीजण अशा आजोबांना तिथे आठवडेच्या आठवडे शोधत बसतात.

कोकणासाठी ही यादी एवढी महत्त्वाची का, याचं उत्तर मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, कुत-अल-अमाराच्या वेढ्यात आहे. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत चाललेल्या त्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी अडकल्या होत्या. उपासमार, शरणागती आणि नंतरची कैद यांत असंख्य माणसं गेली. घरात सांगतात तो "बगदाद" किंवा "बसरा" पुष्कळदा हाच असू शकतो.

मेसोपोटेमियात ज्यांची कबर माहीत नाही, अशा ४० हजारांहून अधिक जणांचं स्मरण बसरा मेमोरियलवर आहे. मात्र त्याच्या दगडावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली गेली आणि भारतीय शिपायांचे पलटणवार नुसते आकडे. त्यांची नावं वेगळ्या नोंदवहीत राहिली. आता ती ऑनलाईन यादीत शोधता येतात, म्हणून स्मारकाचा फोटो बघून निराश होऊ नका. यादीतल्या नोंदीत नाव, क्रमांक, पलटण, तारीख असते आणि नशीब चांगलं असेल तर "अमुकचा मुलगा, अमुक गाव, रत्नागिरी" अशी ओळही. बापाचं नाव आणि गाव एकाच ओळीत छापलेलं दिसतं, तेव्हा शंभर वर्षांनी का होईना, कोणीतरी त्याला घरच्या नावानं हाक मारल्यासारखं वाटतं.

शोधताना "मराठा" हा शब्द आजच्या स्पेलिंगनं टाकला तर हाती काही लागणार नाही. तेव्हाच्या इंग्रजीत त्यात एम-एनंतर एच आणि पुढे दोन टी असत. सावंतातला "व" कधी डब्ल्यूनं, कधी व्हीनं. शक्यतो पलटण आणि साल टाकून यादी काढावी आणि नावं डोळ्यांनी वाचावीत.

नाव मिळालं नाही, तर तो युद्धात मेलाच नव्हता असा अर्थ काढू नका. कमिशनच्याच २०२१ च्या अहवालानं मान्य केलं, की किमान १ लाख १६ हजार मृतांची, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्यांची, नावानिशी किंवा अजिबातच नोंद झाली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धातलं कोकणाचं सगळ्यांना माहीत असलेलं नाव म्हणजे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. त्यांचं नाव इटलीतल्याच कॅसिनो मेमोरियलवर आहे. त्यांची नोंद एकदा उघडून बघा, म्हणजे नोंदीची रचना कळते आणि आपल्या माणसाची वाचणं सोपं जातं.

परत आला असेल तर: बेळगाव की जिल्हा कार्यालय?

इथे खरी निवड करावी लागते. पलटणीचं अभिलेख कार्यालय की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय?

मराठा लाईट इन्फंट्रीचं अभिलेख कार्यालय बेळगावला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. सॅपर, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलातला असेल तर पुण्यात खडकीला. सावंतवाडीच्या माणसाला आंबोली घाट चढला की बेळगाव जवळ, म्हणून तो थेट गाडी काढतो. तसं करू नये. तिथे समोर बसून वह्या चाळता येत नाहीत. अर्ज आणि नात्याचा पुरावा द्यावा लागतो आणि उत्तर पोस्टानं येतं.

शिवाय सैन्याच्या नियमाप्रमाणे पेन्शन न मिळालेल्या शिपायाची सेवा-कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट केली जातात. त्यानंतर उरतो तो लाँग रोल, म्हणजे क्रमांक, नाव, भरती आणि सुटका यांची थोडक्यात नोंद असलेली कायमची वही. म्हणून अर्जात "सेवापुस्तिकेची प्रत मिळावी" असं लिहिलं, तर "नष्ट झाली" एवढंच उत्तर येण्याची भीती असते. "लाँग रोलमधील नोंदीचा उतारा मिळावा" असं स्पष्ट लिहा. क्रमांक नसेल तर भरतीचं अंदाजे साल, बापाचं नाव आणि गाव द्या. साध्या पत्राला उत्तर आलं नाही, तर १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज करा. वारस असल्याचा पुरावा तेव्हाही सोबत जोडा.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय याच्या अगदी उलट. इथे पहिल्या महायुद्धातला माणूस मिळायचा नाही. पण १९३९-४५ मध्ये लढायला गेलेला, पेन्शनशिवाय घरी पाठवलेला आजोबा मिळण्याची चांगली शक्यता असते. दुसऱ्या महायुद्धातल्या अशा माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य शासन मासिक अनुदान देतं आणि त्याचं प्रकरण याच कार्यालयातून पुढे जातं. आजीनं कधी अर्ज केला असेल, तर त्यासोबत डिस्चार्जची प्रत लावलेली असणार. म्हणजे जो कागद पलटणीत जाळला गेला आणि घरात वाळवीनं खाल्ला, त्याची नक्कल आपल्याच जिल्ह्यात असू शकते. माणसंही आपल्या भागातली, बोलून चालून माहिती देणारी. मला विचाराल तर १९३९ नंतरच्या माणसासाठी आधी जिल्हा कार्यालय, तिथून क्रमांक घेऊन मगच बेळगाव किंवा सागर.

महार सैनिकांच्या घरांना एक अडचण जास्त येते. १८९२ मध्ये महारांची भरती बंद केली गेली. १९१७ मध्ये १११ महार्स ही पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली. आजची रेजिमेंट १९४१ मधली. त्यामुळे १८९२ च्या आधी फौजेत असलेल्या पणजोबांसाठी सागरला पत्र लिहून उपयोग नाही. दापोली, मंडणगड, महाड या पट्ट्यातली बरीच घराणी याच काळातली. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, निवृत्तीनंतर काही काळ दापोलीला राहिले. महाडकडच्या रावढुळचे गोपाळबाबा वलंगकरही फौजेतूनच निवृत्त झालेले आणि भरतीबंदीविरुद्ध अर्ज करणारे. ही परंपरा शोधायची तर पुढच्या दप्तराकडे वळावं लागतं.

१८९५ च्या आधीचा असेल तर: मुंबई, दिल्ली की लंडन?

१८९५ पर्यंत मुंबई इलाख्याची फौज स्वतंत्र होती. मुंबई सरकारच्या लष्करी खात्याची दप्तरं आज राज्याच्या पुराभिलेखागारात, फोर्टमधल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहेत. गावानं किंवा आडनावानं लावलेली यादी तिथे नाही. साल आणि खातं धरून खंड मागवायचे, सूची बघायची, हातानं लिहिलेलं इंग्रजी वाचायचं. शिपायाचं नाव येतं ते पेन्शनचा वाद, वारसाचा अर्ज, शौर्य किंवा शिक्षा असं काही घडलं असेल तर. म्हणून पलटण आणि दहा-पाच वर्षांचा टप्पा माहीत असल्याशिवाय इथे जाऊ नये. माहीत असेल, तर मात्र यासारखी दुसरी जागा नाही.

नावांकडे बारीक लक्ष द्या. महार शिपायांची नावं रामनाक, गोंदनाक अशी "नाक"ने संपतात. कोरेगावच्या स्तंभावरही ती तशीच आहेत. आडनाव बहुतेक नसतंच. मुंबई फौजेत मोठ्या संख्येनं असलेल्या कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंची आडनावं मात्र गावावरून पडलेली असल्यानं ओळखू येतात.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं "अभिलेख पटल" हे संकेतस्थळ घरून चाळता येतं. मुंबईला जाण्याआधी एक संध्याकाळ त्यावर घालवा. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीचा सोस मात्र सोडावा. साध्या भारतीय शिपायांचे सेवा-कागद प्रामुख्यानं भारतातच राहिले. पूर्वज जमादार, सुभेदार किंवा सुभेदार-मेजर असेल, तर त्याचं नाव इंडियन आर्मी लिस्टच्या छापील खंडांत येतं आणि त्यातले बरेच स्कॅन करून ऑनलाईन ठेवलेले आहेत. त्यासाठीही विमानाचं तिकीट लागत नाही.

पेशवाईतला किंवा आंग्र्यांच्या आरमारातला पूर्वज असेल, तर पुण्याचं पेशवे दप्तर. मोडी वाचता येत नसेल, तर आधी वाचणारा गाठा.

नौदल आणि आगबोटी

रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून, विशेषतः कोकणी मुसलमान घरांतून, रॉयल इंडियन नेव्हीत पुष्कळ भरती झाली. त्यांच्यासाठी बेळगाव-सागर दोन्ही चुकीचे. नौसैनिकांच्या नोंदी मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे. व्यापारी जहाजावर कामाला असताना दुसऱ्या महायुद्धात बुडालेले खलाशीही वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत आहेत. हे पुष्कळांना माहीतच नसतं, कारण घरचे त्यांना "आगबोटीवर होते" म्हणतात, "युद्धात गेले" म्हणत नाहीत.

शेवटी, दप्तर कुठलंही निवडा, गाव मात्र तेव्हाच्या हिशेबानं लिहा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा. त्याआधीचं मालवण, देवगड, कणकवली रत्नागिरीत. संस्थानं होती तोवर कुडाळ सावंतवाडी संस्थानात. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा जंजिरा संस्थानात. महाड, माणगाव, पेण कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात. आणि गाव खेड असेल तर पुढे "रत्नागिरी" असं ठळक लिहा, नाहीतर पुणे जिल्ह्यातल्या खेडच्या कोणा दुसऱ्याच शिपायाचा उतारा तुमच्या घरी यायचा.