स्टार इन की ब्ल्यू अँकर?

पिंपातच दुसऱ्यांदा आंबणारी आणि बाहेरून वायू न भरता वाढली जाणारी पारंपरिक इंग्लिश बिअर, म्हणजे 'रिअल एल', चाखण्यासाठी इंग्लंडमधील एकच जुना पब निवडायचा, तर बाथमधील 'स्टार इन' सोयीचा आहे, कारण लंडनहून रेल्वेने दीड तासात बाथ गाठता येते. 'ब्ल्यू अँकर' पब ज्या गावात आहे त्या कॉर्नवॉलमधील हेल्स्टनला मात्र 1962 पासून प्रवासी रेल्वेच नाही आणि शेवटचा टप्पा बसने कापावा लागतो. स्टारमध्ये लाकडी फळ्यांच्या भिंतींनी विभागलेल्या अरुंद खोल्यांत बसल्यावर 'बास' नावाची एल थेट पिंपातून जगमध्ये काढून आणतात. साधारण 12 अंशांची ही एल बर्फगार बिअरला सरावलेल्या जिभेला पहिल्या घोटात कोमट वाटते, पण माल्टची चव त्यामुळेच उलगडते. हेल्स्टनचा 'ब्ल्यू अँकर' गवताने शाकारलेला असून त्याची 'स्पिंगो' एल मागच्या बाजूलाच तयार होते. तिचा पाच टक्के अल्कोहोलचा 'मिडल' हा प्रकार गोडसर आणि भरीव असतो. बास बर्टन गावची, म्हणजे स्टारच्या दृष्टीने पाहुणी, स्पिंगो घरचीच. म्हणूनच, हातात दोन मोकळे दिवस असतील तर, मी हेल्स्टन निवडेन. मात्र साधारणपणे 8 मेला येणाऱ्या फ्लोरा डे या गावच्या उत्सवाला तिथे निवांत बाक मिळण्याची आशा धरू नये.