परदेशी तुरुंगातला माणूस: दयेचा अर्ज की कैदी हस्तांतरण?

अमली पदार्थांच्या तस्करीत परदेशात शिक्षा झाली की घरच्यांपुढे हे दोन रस्ते येतात.

दयेच्या अर्जाने फाशी टळू शकते, पण निर्णय तिथल्या राष्ट्रप्रमुखाचा. सिंगापूरमध्ये १५ ग्रॅमहून जास्त शुद्ध हेरॉइनच्या तस्करीला फाशी आहे आणि दया क्वचितच मिळते.

हस्तांतरण म्हणजे सुटका नव्हे. उरलेली शिक्षा भारतात भोगायची. भारताचा कायदा २००३ चा. त्या देशाशी करार हवा, कैद्याची आणि दोन्ही सरकारांची संमती हवी, साधारण सहा महिने तरी शिक्षा बाकी हवी. घोडं अडतं ते अपिलापाशी: ते प्रलंबित असेल तर अर्ज पुढे सरकतच नाही.

फाशी असेल तर दयेचाच अर्ज, तोही मुदतीत. लांबलचक कैद असेल तर हस्तांतरण. निदान आईला भेटीला जाता येतं.