ठाण्यातलं आमचं एआरटी सेंटर (एचआयव्हीवरच्या उपचारांचं केंद्र) – काउन्सेलिंगसाठी पाच पैकी पाच

मी आणि नवरा दोघेही एचआयव्ही पॉझिटिव्ह, दोघांची रोज रात्री एक टीएलडीची (तीन एचआयव्ही औषधं एकत्र असलेली) गोळी चालू. आधी एका प्रायव्हेट डॉक्टरांना विचारलं होतं की आता आपापसात कंडोम लागतो का, तर ते वर न बघताच म्हणाले, सेक्स वगैरे सगळं आता विसरा. घरी येऊन खूप रडले होते मी.

इथल्या काउन्सेलर ताईंनी आधी दार लावून घेतलं, मग दोघांच्या उपचाराच्या हिरव्या पुस्तकातले व्हायरल लोडचे (रक्तात विषाणू किती आहे त्याचे) आकडे शेजारी शेजारी ठेवून समजावलं. दुसऱ्या प्रकारच्या एचआयव्ही विषाणूची पुन्हा लागण होऊ शकते, त्याला सुपरइन्फेक्शन म्हणतात, आणि तो औषधाला दाद न देणारा असेल तर गोळ्या बदलायची वेळ येऊ शकते, पण असं क्वचितच होतं आणि ते सुद्धा जास्त करून उपचार सुरू नसताना. दोघांचा लोड २०० च्या खाली टिकून असेल आणि गोळी चुकत नसेल तर सेक्समधून एकमेकांना एचआयव्ही जात नाही. गरमी, परमा, हिपॅटायटिस सी यांना मात्र ही गोळी अडवत नाही, त्यासाठी कंडोम आणि तपासणी, हे ताईंनी दोनदा सांगितलं. नवऱ्याने लाजत विचारलेल्या प्रश्नालाही सरळ उत्तर दिलं हो, कुठे नाक मुरडणं नाही.

सगळं मोफत. सोमवारी गर्दी खूप असते, सकाळी लवकर जा. जायला जमत नसेल तर १०९७ या एचआयव्ही हेल्पलाइनवर फोन करा, तोही फुकट आहे.