टोटल लॉस झालेल्या गाडीचा क्लेम: दहा महिन्यांनंतरचा अनुभव

गाडीच्या पॉलिसीत आयडीव्ही नावाचा एक आकडा असतो, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत. जानेवारी २०२५ मध्ये रिन्यू करताना ॲपने मला ३,१०,००० ते ४,०५,००० असा पट्टा दाखवला होता. मी बोटाने तो सगळ्यात खाली ओढला आणि ९४० रुपये वाचवले. तीन महिन्यांनी त्याच आकड्याने माझी दुरुस्त होण्यासारखी गाडी भंगारात काढली. या पॉलिसीबद्दल मला जे सांगायचंय त्यातलं निम्मं याच एका आकड्याबद्दल आहे.

आम्ही ठाणे शहरात, घोडबंदर रोडला, वाघबीळच्या आतल्या बाजूला राहतो. फ्लॅट घेताना पार्किंग मिळालं नाही, त्यामुळे गाडी कंपाउंडच्या भिंतीला लागून रस्त्यावर उभी असते. २०१८ ची स्विफ्ट, पेट्रोल. एप्रिलमध्ये आमच्याकडे दिवसाला सहा-सात टँकर येतात. त्या दिवशी पहाटे पावणेसहाला वॉचमनने इंटरकॉम केला, "ताई, लवकर खाली या, टँकर गाडीवर आलाय."

दहा हजार लिटरचा भरलेला टँकर म्हणजे नुसतं पाणीच दहा टन. चढावर रिव्हर्स घेताना तो मागे घसरला आणि माझी गाडी त्याच्या आणि भिंतीच्या मध्ये सापडली. मी खाली गेले तेव्हा डिकी मागच्या सीटपर्यंत आत आली होती. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, त्यांच्यासाठी मागच्या सीटवर एक उशी कायम असायची. ती उशी पुढच्या दोन सीटच्या मधून गिअरवर येऊन पडली होती आणि तिच्यावर काचेचा साखरेसारखा चुरा पसरला होता. पुढून रेडिएटर फुटला होता. हिरवट कूलंट टँकरमधून गळणाऱ्या पाण्यात मिसळून उतारावरून वाहत होतं. ती उशी मी उचलली आणि घरी घेऊन आले. पहाटे त्या सीटवर कोणी नव्हतं, एवढं एकच मनात होतं.

सात वाजता टँकरवाला आला. भला माणूस होता, हात जोडून म्हणाला, "मॅडम, पन्नास हजार देतो, कंप्लेंट नका करू." सोसायटीचे सेक्रेटरी काका त्याच्याच बाजूने. "अगं, पाणी त्याच्याकडूनच घ्यायचंय आपल्याला," असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. त्यांची अडचण खरी होती, उन्हाळ्यात टँकर बंद झाला तर दोनशे घरांचे हाल. तरीही मी नाही म्हटलं आणि आजही मला ते बरोबर वाटतं. पन्नास हजार घेऊन कागदावर सही केली असती, तर समोरच्याकडून पुढे काहीही मागायची वाट बंद झाली असती. आणि नुकसान किती आहे हे सकाळी सात वाजता कोणालाच कळत नसतं.

त्या दिवशी एक काम मी वेळेत केलं. सोसायटीच्या सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये दहाच दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, म्हणून दुपारच्या आत फुटेज पेन ड्राइव्हवर घेतलं आणि ते दिल्याचं पत्र सेक्रेटरींकडून सही-शिक्क्यासह घेतलं. रागावले होते, पण पत्र दिलं त्यांनी. मग पोलिस ठाण्यात तक्रार आणि पंचनामा. स्वतःच्या पॉलिसीतून डॅमेज क्लेम करायला प्रत्येक वेळी एफआयआर लागतोच असं नाही, पण समोरच्या गाडीच्या विम्यापर्यंत जायचं असेल तर कागद हवाच. टँकरचा नंबर, त्याच्या विम्याची प्रत, ड्रायव्हरचं लायसन्स, सगळ्याचे फोटो तिथेच काढून घ्या. नंतर फोन उचलत नाहीत.

गाडी टो होऊन वर्कशॉपला गेली. विमा कंपनीसाठी नुकसान मोजणारे सर्व्हेयर दुसऱ्या दिवशी आले, दीड तास गाडीखाली वाकून बघत होते, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. वर्कशॉपचं एस्टिमेट २,८७,००० आलं. सर्व्हेयरनी काही पार्ट आणि लेबर कापून २,४१,००० धरले.

आता तो नियम. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की गाडी 'कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस' धरतात, म्हणजे ती दुरुस्त करून न देता तिचे पैसे देऊन मोकळे होतात. ३,१०,००० चे ७५ टक्के २,३२,५००. सर्व्हेयरचा आकडा २,४१,०००. साडेआठ हजारांनी माझी गाडी रेषेपलीकडे गेली. मी आयडीव्ही ४,०५,००० ठेवला असता तर ती रेषा ३,०३,७५० वर असती आणि वर्कशॉपचं पूर्ण एस्टिमेटसुद्धा तिच्या आत बसलं असतं. एवढंही नको. ३,२५,००० ठेवला असता तरी गाडी दुरुस्त होऊन घरी आली असती. ही वजाबाकी मी वर्कशॉपच्या वेटिंग रूममध्ये बसून पॉलिसीच्या मागच्या पानावर केली. ते पान अजून माझ्याकडे आहे.

आयडीव्ही कमी केला तर क्लेमच्या वेळी थोडे पैसे कमी मिळतील, एवढंच आपल्याला माहीत असतं. गाडी टोटल लॉसमध्ये जायची शक्यताही त्याने वाढते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पाच वर्षांपर्यंत घसाऱ्याचे, म्हणजे वयामुळे किंमत किती घटली धरायची याचे, टक्के ठरलेले असतात: सहा महिन्यांपर्यंत ५, वर्षापर्यंत १५, मग दरवर्षी २०, ३०, ४०, ५०. पाच वर्षांनंतर आकडा कंपनी आणि आपण मिळून ठरवायचा असतो. म्हणजे जुन्या गाडीवाल्याच्या हातातच जास्त असतं, आणि नेमका तोच सगळ्यात कमी प्रीमियम शोधत असतो.

खरी झटापट त्यापुढे. क्लेम विभागातून फोन आला, "मॅडम, गाडी सात वर्षांची आहे, बाजारभाव दोन सत्तरच्या वर नाही, तेवढ्यात सेटल करूया." बोलणं इतकं सहज होतं की मी हो म्हणायच्या बेतात होते. नवऱ्याने फोन घेतला आणि "मेलवर पाठवा" म्हणाला. मेल आलाच नाही. दोन दिवस आम्ही पॉलिसीचं बारीक अक्षरातलं पुस्तक वाचलं. त्यात सरळ लिहिलंय की टोटल लॉसमध्ये आयडीव्ही हाच पॉलिसीच्या पूर्ण काळासाठी गाडीचा बाजारभाव मानायचा, त्यावर आणखी घसारा लावायचा नाही. त्यातून फक्त सक्तीचं डिडक्टिबल, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायची रक्कम, जातं, १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये. म्हणजे माझे ३,०९,०००.

हेच वाक्य उतरवून आम्ही कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला आणि सर्व्हे रिपोर्टची प्रत मागितली. ती मागायचा आपल्याला हक्क आहे, बहुतेक लोक मागत नाहीत. २०२४ च्या नियमांप्रमाणे सर्व्हेयरने १५ दिवसांत रिपोर्ट द्यायचा आणि तो मिळाल्यावर कंपनीने ७ दिवसांत निर्णय कळवायचा, हेही लिहिलं. सोबत विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या 'बिमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाकली. दोन सत्तरची भाषा चौथ्या दिवशी थांबली. तसं झालं नसतं तर विमा लोकपालांकडे जायची तयारी होती. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात. अट एवढीच की आधी कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट बघितलेली हवी.

मग मोडक्या गाडीचं काय करायचं हा प्रश्न. कंपनीने तिच्यावर ऑनलाइन बोली लावून घेतली, सगळ्यात मोठी ९८,००० ची आली. दोन वाटा होत्या. गाडी मी ठेवायची आणि २,११,००० घ्यायचे, किंवा गाडी त्या बोलीवाल्याला द्यायची, ९८,००० त्याच्याकडून आणि २,११,००० कंपनीकडून. आमच्या ओळखीचा मेकॅनिक बघून आला आणि म्हणाला, बाहेर केली तर एक सत्तर-पंच्याहत्तरमध्ये उभी करून देईन. हिशेबाने तेच फायद्याचं होतं. पण पुढचा ॲप्रन, म्हणजे इंजिनच्या बाजूचा पत्र्याचा सांगाडा, वाकला होता, मागचा सांगाडा ओढून सरळ करावा लागणार होता, आणि त्या सीटवर सासूबाई बसणार होत्या. आम्ही गाडी द्यायचं ठरवलं. तुमचा मेकॅनिक जुना आणि भरवशाचा असेल, तर सही करायच्या आधी त्याच्याकडून हा आकडा जरूर घ्या. कंपनी तो घ्यायला सांगणार नाही.

कागदांत तीन आठवडे गेले. कर्ज २०२३ मध्येच फिटलं होतं, पण आरसीवरचा बँकेचा बोजा आम्ही काढलाच नव्हता. बँकेची एनओसी, बोजा काढायचा फॉर्म ३५, जुनी एक ई-चलान, फास्टॅग बंद करणं, हे सगळं ऐन घाईत करावं लागलं. कर्ज फिटलेल्या प्रत्येकाने आजच परिवहनच्या साइटवर जाऊन आपली आरसी बघा. बोजा दिसत असेल तर टोटल लॉसचे पैसे आधी बँकेकडे वळतात किंवा अडकतात.

एकाहत्तराव्या दिवशी पैसे जमा झाले.

काय मिळालं नाही तेही सांगते. झिरो डेपचे, म्हणजे पार्टवर घसारा न कापण्याच्या कव्हरचे, जास्तीचे पैसे मी दरवर्षी भरत होते, पण टोटल लॉसमध्ये झिरो डेपचा काही उपयोग नसतो, तो दुरुस्तीपुरताच. क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट, म्हणजे ५० टक्के नो क्लेम बोनस, शून्यावर आला, चूक माझी नसताना. स्वतःच्या पॉलिसीतून क्लेम केला की तो जातोच. वर्कशॉपने गाडी उभी ठेवल्याचे आणि एस्टिमेटचे मिळून ११,५०० घेतले, ते कोणी भरून दिले नाहीत. अडीच महिने आठवड्यातून तीनदा सासूबाईंना फिजिओथेरपीला रिक्षाने न्यायचं होतं. सेवा रस्त्याच्या खड्ड्यांत रिक्षा आदळली की त्या माझा हात घट्ट धरायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. पॉलिसीच्या भाषेत याला 'परिणामी नुकसान' म्हणतात आणि ते कव्हरमध्ये नसतं.

हे उरलेलं नुकसान टँकरच्या थर्ड पार्टी विम्यातून मागता येतं. त्यासाठी ठाणे शहरातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज केलाय. तिथे फक्त जखमींचे दावे चालतात असं मलाही वाटायचं, पण मालमत्तेच्या नुकसानीचेही चालतात. कंपनीने जे दिलं तेच पुन्हा मागता येत नाही, फक्त फरक मागता येतो. कायद्यात आता अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आहे, म्हणून क्लेमचे पैसे यायची वाट बघत बसू नका. आमच्या तारखा पडताहेत. सोसायटीला टँकर अजून त्याच माणसाचा येतो आणि तो मला नमस्कार करतो.

या पॉलिसीला मी काय गुण देईन असं बहिणीने विचारलं. पैसे शेवटी पूर्ण मिळाले, सर्व्हे वेळेत झाला, त्यामुळे वाईट म्हणणार नाही. पण बारीक अक्षर वाचलं नसतं तर ३९,००० रुपये फोनवरच गेले असते, हे विसरताही येणार नाही. सप्टेंबरमध्ये आम्ही २०१९ ची सेकंडहँड गाडी घेतली. खिशातले एक लाख साठ हजार वर घालावे लागले. तिचा विमा काढताना आयडीव्ही सगळ्यात वरचा टाकला.

एक गोष्ट राहिली, आणि टोटल लॉस झालेल्या प्रत्येकाने ती जपायला हवी. गाडी भंगारवाला घेऊन जातो, पण आरसी तुमच्या नावावर राहते. अशा गाड्यांचे चॅसी नंबर चोरीच्या गाड्यांवर चढवले जातात. तसं नाही झालं तरी तिने कोणाला उडवलं तर नोटीस तुमच्या दारात येते. मी मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या केल्या, पण गाडी हलायच्या आधी घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, तारीख-वेळेसह ताबा पावती आणि यापुढची जबाबदारी त्याची असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं. एक प्रत कंपनीला, एक ठाणे आरटीओला देऊन पोच घेतली. तीस दिवसांत नाव बदलतो म्हणाला होता. पाच महिने लागले. दर एक तारखेला मी गाडीचा नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर टाकायचे आणि दर वेळी माझंच नाव यायचं.

डिसेंबरमध्ये बदललं. नोंदणी चालू, मालक क्रमांक दोन, विमा पुढच्या नोव्हेंबरपर्यंत. ९८,००० ला घेऊन त्याने ती दुरुस्त केली आणि विकली. गाडी कुठेतरी रस्त्यावर आहे.