आठ महिने मेगर आणि लिकेज क्लँप: भाड्याच्या हत्यारांना काय कामाला आलं

कराडला माझं बांधकामाची हत्यारं भाड्याने द्यायचं दुकान आहे. ड्रिल, ब्रेकर, मार्बल कटर, ग्राइंडर, व्हायब्रेटर, मड पंप असा साठ-पासष्ट नगांचा संसार. मार्चमध्ये एक गवंडी कटर परत घेऊन आला आणि काउंटरवर आपटून म्हणाला, "मालक, ह्यो मुंग्या मारतोय बघा."

त्याच्यासमोरच सिरीज बोर्डला (मध्ये बल्ब जोडलेला तपासणीचा बोर्ड, करंट गळत असेल तर बल्ब पेटतो) लावला. एक टोक पिनेला, दुसरं गिअरच्या डब्याला. दिवा पेटला नाही. मग चालू कटरला टेस्टर लावला, तर तो मंद पेटला. शेजारच्या रॅकवरचा कोरा करकरीत ग्राइंडर चालू केला, त्यालाही टेस्टर तसाच मंद पेटला. गवंडी माझ्याकडे बघतोय आणि मी टेस्टरकडे.

सिरीज दिव्यावर आपण सगळे वाढलो, पण त्याचं गणित कधी केलं नव्हतं. १०० वॅटच्या दिव्याची तार नुसती लाल व्हायलाच शंभरेक मिलिअँपिअर लागतात. माणसाला मुंग्या एका मिलिअँपिअरच्या आसपास कळतात आणि घरातली आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरला पडते. म्हणजे दिवा 'ठीक आहे' म्हणतो तेव्हा हत्यार माणूस मारण्याइतकं लीक होत असू शकतं. टेस्टरचं उलटं. त्यातला निऑन इतक्या कमी करंटवर पेटतो की चांगल्या डबल इन्सुलेशनच्या (अर्थऐवजी दुहेरी आवरण असलेल्या) हत्यारालाही तो लुकलुकतो. एक काहीच बोलत नाही, दुसरा उगाच ओरडतो.

माझा भाचा इंग्लंडात लेस्टरला असतो. त्याच्या ऑफिसातल्या किटलीच्या वायरवर हिरवं स्टिकर आहे, पास आणि तारीख. तिकडे अशा तपासणीला पॅट (पोर्टेबल अप्लायन्स टेस्टिंग) म्हणतात. त्यांचा १९८९ चा नियम वस्तू सुरक्षित ठेवा एवढंच सांगतो, दरवर्षी तपासा असं त्यात कुठे नाही, तरी बहुतेक जण वर्षाला स्टिकर बदलतात. त्या कामाचं एकच यंत्र मिळतं, प्लग लावा, बटण दाबा, पास-फेल. मीही तेच मागवायच्या बेतात होतो. किमतीपेक्षा मला अडवलं ते सॉकेटने. त्यावर ब्रिटनचा चौकोनी पिनांचा सॉकेट, आपल्या गोल पिना त्यात बसत नाहीत. मध्ये युनिव्हर्सल अडॅप्टर घालायचा, तर त्याचा अर्थचा पत्राच सैल. अर्थच्या वायरीत ०.१ ओहमचा हिशोब करणाऱ्या यंत्रापुढे असला अडॅप्टर लावून काय मोजणार?

म्हणून एप्रिलमध्ये दोन वेगळी यंत्रं घेतली, डिजिटल मेगर (इन्सुलेशन किती घट्ट ते मेगओहममध्ये मोजणारा, आकडा जितका मोठा तितकं चांगलं) साडेसात हजारांना आणि लिकेज क्लँप (वायरीभोवती जबडा लावून गळणारा करंट मोजणारा) अकरा हजारांना. कंपन्या सांगत नाही, नाव घेतलं की कोणीतरी मला एजंट ठरवतं. मेगर हेही मुळात एका ब्रिटिश कंपनीचंच नाव, पण आपल्याकडे तो शब्द मोटर रिवाइंडिंगवाल्याच्या तोंडी इतका बसलाय की हरकत नाही.

मेगरला २५०, ५०० आणि १००० व्होल्टच्या रेंज आहेत. हजारला मी अजून हात लावलेला नाही, हातातल्या हत्याराला तिची गरजच नाही. फेज आणि न्यूट्रलच्या पिना एका क्लिपने एकत्र धरायच्या, दुसरी क्लिप चकवर किंवा गिअरच्या डब्यावर, आणि ५०० वर बटण दाबायचं. अर्थवाल्या नगाला किमान १ मेगओहम, दोन चौकोनांची खूण असलेल्या डबल इन्सुलेशनवाल्याला २. पहिले पंधरा दिवस माझं प्रत्येक ड्रिल फुल्ल रीडिंग दाखवत होतं आणि मी खूश होतो. मग लक्षात आलं, ट्रिगर दाबलेलाच नाही! दोन्ही वायरी तोडणारा स्विच बंद असेल तर आपण फक्त वायर तपासतो, मोटरच्या आतलं आर्मेचर आणि फिल्ड कॉइल त्यात येतच नाही. आता ट्रिगरला रबरबँड.

ट्रिगर दाबून मुंग्या मारणारा तो कटर मोजला, ०.४ मेगओहम आला. उघडला तर आत कार्बन ब्रशची काळी भुकटी आणि मार्बलची ओली पेस्ट. ब्लोअर मारला, दिवसभर उन्हात ठेवला, संध्याकाळी ६०. वाइंडिंगला हातही लावावा लागला नाही. पूर्वी असला नग मी सरळ रिवाइंडिंगला टाकायचो.

चूकही सांगतो. ५०० वर तपासताना स्पाइक गार्डचे तीन एक्स्टेंशन बोर्ड मी फेल करून भंगारात काढले. त्यांच्यात सर्ज (अचानक वाढलेलं व्होल्टेज) खाणारी चकती असते, ती ५०० डीसीला आपणहून वाहायला लागते आणि रीडिंग पडतं. बोर्डात दोष काहीच नसतो. असल्या मालाला २५० ची रेंज. तोवर दोन बोर्ड भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेले होते.

क्लँपबद्दल आधी एक. साध्या ४०० अँपिअरच्या क्लँप मीटरला मिलिअँपिअर दिसत नाहीत, ०.०१ मिलिअँपिअरपर्यंत वाचणारा लागतो. आणि तो अख्ख्या तीन कोअर केबलवर लावून उपयोग नाही. फेजने गेलेलं न्यूट्रल आणि अर्थमधून परत येतं, सगळ्याची बेरीज शून्य. मी फूटभर लांबीची एक जोडवायर करून घेतली, तिच्यात अर्थची हिरवी वायर म्यानाबाहेर वेगळी काढलीय. जबडा फक्त हिरवीवर ठेवायचा आणि हत्यार चालू करायचं. टेबलाला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आधी बसवली, मगच हे सुरू केलं. मड पंपांना याचा सगळ्यात जास्त फायदा झाला. जुलैत एक पंप कोरडा असताना मेगरवर ५ दाखवत होता, म्हणजे पास. बादलीत बुडवून चालवला तर हिरवीत ९ मिलिअँपिअर. केबलचा सांधा टेपने बांधलेला होता आणि पाण्यात गेला की उघडा पडत होता. मेगर एकट्यावर राहिलो असतो तर तो पंप पुन्हा साइटवर गेला असता. पण खरं सांगू? अकरा हजारांची वस्तू आठवड्यातून चारदाच हातात येते. डबल इन्सुलेशनच्या नगांना अर्थच नसतो, तिथे माझ्या पद्धतीने तिचं काही काम नाही.

कमतरता राहिली ती अर्थच्या कंटिन्युइटीत, म्हणजे अर्थची वायर टोकापर्यंत सलग आहे का ते बघण्यात. तिकडच्या मोठ्या यंत्रांत २५ अँपिअर सोडून अर्थ तपासता येतो, माझ्याकडे फक्त २०० मिलिअँपिअर. वायरीतला एकच तंतू शाबूत असला तरी एवढ्या करंटला तो छान रीडिंग देतो. आधी प्रोबच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा करून घेतो, मग रीडिंग बघत पिनेजवळ आणि ग्रिपजवळ केबल वाकवतो. आकडा नाचला की केबल बदलायची. १ स्क्वेअर एमएमच्या तांब्याला मीटरमागे सुमारे ०.०२ ओहम, म्हणजे पाच मीटरला ०.१, त्याच्या फार वर गेला तरी शंका. पण आठ महिन्यांत बाद झालेले बहुतेक नग मीटरने काढलेच नाहीत, डोळ्यांनी काढले. साइटवर कुणीतरी जाड अर्थची पिन हॅक्सॉने कापलेली असते, कारण तिथल्या बोर्डाला दोनच भोकं. ती पिन बाकी दोघींपेक्षा लांब असते, म्हणजे अर्थ आधी जोडला जातो, हे सांगून सांगून थकलो. आता पिन कापलेली आली तर डिपॉझिटमधून दोनशे कापतो. तेव्हापासून कमी कापतात.

प्रत्येक नगाला नंबर रंगवलाय आणि वहीत तारखेपुढे रीडिंग. १४ नंबरच्या ब्रेकरचं एप्रिलमध्ये १२० मेगओहम, जूनमध्ये ७०, ऑगस्टला २२, ऑक्टोबरला ६. पासच आहे. तरी मी त्याला थांबवलंय आणि रिवाइंडिंगवाला म्हणतो, "चालतंय की अजून, कशाला उघडायचं?"

मेगर आठ पेन्सिल सेल खातो, महिनाभर पुरतात. स्क्रीन उन्हात दिसत नाही. सगळ्यात भिकार म्हणजे सोबत आलेल्या क्लिपा, स्प्रिंग पावसाळ्यातच गंजल्या. सध्या तिसरी जोडी चालू आहे.